धोटा गेला तरी माग आहे

पहिल्या वर्षी एल्डर मिल शटल्सनी एकही सामना जिंकला नाही. दुसऱ्या वर्षी एक जिंकला, तोही समोरच्या संघाची बस हायवेवर बंद पडून अर्धेच खेळाडू पोहोचले म्हणून. तरी मार्च उजाडला की आर्थर हॉलरॉइड जुन्या गिरणीमागच्या मैदानावर चुन्याच्या रेषा आखायला हजर असायचा. कुणी विचारलं, "अजून?" तर म्हणायचा, "अजून काय? आत्ता कुठे सुरुवात आहे."

आर्थर इंग्लंडातल्या यॉर्कशरचा, माग जोडणारा मेकॅनिक. नॉर्थ कॅरोलायनातल्या एल्डर मिल गावच्या कापडगिरणीने त्याला नवे माग बसवायला आणला आणि तो इथेच राहिला. पुढे गिरणी बंद पडली, माग भंगारात गेले, आणि गाव आता संपलं असं जो तो म्हणू लागला. त्याच वर्षी आर्थरने रग्बी लीगचा क्लब काढला. हा खेळ त्या गावात कुणी पाहिलाही नव्हता. आपल्या माणसाला सांगायचं तर कबड्डी आणि कुस्ती एकत्र करून मध्ये एक लांबट चेंडू सोडला की जे होईल ते. एका बाजूला तेरा जण. चेंडू छातीशी धरून पुढे घुसायचं, समोरच्यांनी धरून पाडायचं. सहा वेळा पाडलं की चेंडू त्यांचा. शेवटच्या रेषेपलीकडे नेऊन टेकवला की ट्राय, चार गुण.

क्लबला नाव काय द्यायचं यावर आर्थरने फार विचार केला नाही. मागात इकडून तिकडे धावतो तो शटल, म्हणजे आपला धोटा. छातीवर त्याचंच चित्र.

डॉक्टर पद्मजा खानोलकर तेव्हा जवळच्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत होती. शनिवार दुपार झाली की तिच्याकडे मोडलेली नाकं आणि निखळलेले खांदे यायला लागले. एका शनिवारी तिघे एकदम आले तेव्हा ती बाहेर वेटिंग रूममध्ये आली.

"काय झालंय? गाडी ठोकली का?"

"नाही, मॅच होती," आर्थर म्हणाला.

"कोण जिंकलं?"

"ते."

पद्मजा हसली. मग तिचं लक्ष त्याच्या जॅकेटवरच्या चित्राकडे गेलं. "हा मागाचा शटल आहे ना?"

आर्थर तिच्याकडे बघतच राहिला. गावाबाहेरच्या कुणीही ते चित्र न सांगता ओळखलं नव्हतं. कुणी त्याला होडी म्हणे, कुणी सिगार.

"तुम्हाला कसं माहीत?"

"मी इचलकरंजीची. आमच्या भिंतीपलीकडे माग होते. ते बंद पडले तरच मला जाग यायची."

पुढच्या शनिवारी ती बॅग घेऊन थेट मैदानावर गेली. "इथे बसून तुमची वाट बघण्यापेक्षा मीच तिथे येते," असं ती आर्थरला म्हणाली होती. एक सीझन म्हणून गेली ती वीस वर्षं जात राहिली. तिचा नवरा मोरेश्वर जवळच्या मॉरिसव्हिल शहरातल्या मराठी मित्रांना सांगायचा, "शनिवारी मंडळाचा कार्यक्रम ठेवू नका. आमची डॉक्टर नाकं सरळ करायला जाते."

क्लब मोठा झाला असं म्हणता येणार नाही, पण बंदही पडला नाही. एका वर्षी पुराने मैदान नेलं, तर त्यांनी चर्चच्या पार्किंगमध्ये सराव केला. प्रोफेशनल लीगने खालची डिव्हिजन काढली तेव्हा शटल्स त्यात शिरले. प्रोफेशनल म्हणायचं इतकंच. कुणी प्लंबर, कुणी शाळेत मास्तर, सिओने नावाचा टोंगा बेटांच्या वंशाचा धिप्पाड फॉरवर्ड बेकरीत पहाटपाळी करणारा. बहुतेक वर्षं तळातलं स्थान पक्कं. आर्थर गेला त्या वर्षी संघ शेवटून दुसरा आला, आणि लोकांनी त्याच्या फोटोपुढे बिअर ठेवून तो विजय साजरा केला.

त्यानंतर क्रेग व्हिटली आला. त्याची मोटारींची शोरूम्स होती आणि त्याला वरच्या डिव्हिजनमधला क्लब हवा होता. वरचा मिळेना, म्हणून त्याने हा घेतला आणि वर न्यायचं ठरवलं. खोटं कशाला बोला, त्याने बरंच केलं. दिवे लावले, बसायला स्टँड बांधला, चांगला कोच आणला. तीन वर्षांत शटल्स तळातून शेंड्याला आले.

या संघाचा कॅप्टन होता वीर, मॉरिसव्हिलच्या प्रताप आणि सुलेखाचा मुलगा. सुलेखा पद्मजाची जिवाभावाची मैत्रीण. वीर जन्मला तेव्हा त्याला पहिल्यांदा मांडीवर घेणाऱ्यांत पद्मजा होती, आणि कॉलेजात असताना "चल, एक गंमत दाखवते" म्हणून त्याला मैदानावर घेऊन जाणारीही तीच. आई-बाप दोघं सॉफ्टवेअरमधले, मुलगा वीज कंपनीत लाइनमन. वादळ झालं की खांबावर, नाहीतर मैदानावर. त्याच्यात चपळाई होती, त्याहून जास्त डोकं होतं. समोरच्यांच्या भिंतीत फट कुठे पडणार हे त्याला पडायच्या आधी दिसायचं.

त्या सप्टेंबरात वरच्या डिव्हिजनमध्ये जाण्यासाठीचा एकमेव सामना घरच्या मैदानावर आला. अख्खं एल्डर मिल लोटलं. मॉरिसव्हिलहून गणपतीतलं ढोलपथक आलं, आणि सुलेखा-प्रताप घडीच्या खुर्च्या घेऊन पहिल्या रांगेत. सुलेखा निम्मा वेळ डोळे मिटून बसायची, पण यायची.

सामना अटीतटीचा चालला. दोन्ही बाजूंचे सोळा-सोळा गुण झाले होते, दहाएक मिनिटं उरली होती. समोरच्यांच्या एका दांडग्या फॉरवर्डला पाडायला वीर खाली वाकला आणि त्या माणसाचा गुडघा त्याच्या कानशिलावर बसला. वीर पडला. लगेच उठलाही. स्टँडमधून टाळ्या झाल्या. पण उठून तो समोरच्या संघाच्या रांगेत जाऊन उभा राहिला.

पद्मजा धावली. त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरून तिने विचारलं, "वीर, व्हेअर आर वी? गेल्या आठवड्यात कुणाशी खेळलो?"

त्याने तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "मावशी, आई कुठेय?"

वीर शाळेत जायला लागल्यापासून तिने कधी त्याच्या तोंडून मराठी वाक्य ऐकलं नव्हतं. तुम्ही मराठीत विचारा, तो इंग्लिशमध्ये उत्तर देणार, हे दोन्ही घरांत ठरलेलं होतं.

"बाहेर," ती कोचला म्हणाली. "आता परत जायचं नाही. आजही नाही आणि पुढचे काही आठवडेही नाही."

वीर बाकावर बसला. तिने त्याला एका मदतनिसाच्या हवाली केलं, कारण तेवढ्यात पलीकडच्या कोपऱ्यात सिओने खांदा धरून बसला होता. खांदा निखळला होता. ती गुडघ्यावर बसून तो जागेवर बसवत असताना स्टँडमध्ये असा काही आवाज उठला की तिच्या हाताखाली सिओनेही दचकला. ढोल घुमायला लागले. कुणीतरी ड्रॉप गोल मारला होता. धावता धावता चेंडू जमिनीवर टेकवून दोन खांबांमधून उडवायचा, त्याचा एक गुण. सतरा-सोळा. शटल्स पुढे.

"कोणी मारला?" तिने वर न बघता विचारलं.

तिने मान वळवली. मैदानाच्या मध्यावर सगळे वीरच्या अंगावर झेपावत होते.

तिने बाकाकडे पाहिलं. कोच खाली बघत होता. त्याच्यामागे उभा असलेला क्रेग तिच्याकडे बघून दोन्ही हात पसरून हसला, जणू म्हणत होता, आता काय करणार?

खेळ पुन्हा सुरू झाला. पाचेक मिनिटं राहिली होती. पद्मजा उठली, पांढरी रेषा ओलांडली आणि सरळ मैदानात चालत गेली. धावली नाही. चेंडू खेळात होता, तिच्या दोन्ही अंगांनी माणसं धावत होती. ती वीरपाशी जाऊन उभी राहिली आणि त्याचा दंड धरला. शिट्टी वाजली.

"मॅडम, बाहेर व्हा!" रेफ्री ओरडत आला.

"या खेळाडूला मी बाहेर काढलंय. त्याच्या डोक्याला मार लागलाय. मला न विचारता त्याला परत पाठवलंय."

"लेट गो, मावशी," वीर दातओठ खाऊन म्हणाला. "आय'म फाइन. लेट गो."

"तू फाइन नाहीस."

रेफ्रीने बाकाकडे पाहिलं. क्रेग रेषेवर येऊन काहीतरी ओरडत होता. रेफ्री आवाज खाली आणून म्हणाला, "डॉक्टर, तुम्ही चालू खेळ अडवलात. नियमाने मला समोरच्यांना पेनल्टी द्यावी लागेल. ते इथून किक मारतील. तुम्हाला कळतंय ना?"

"कळतंय. द्या."

"तुम्ही आत्ता बाहेर गेलात तर मी—"

"द्या म्हटलं ना."

त्यांनी किक मारली. दोन गुण. अठरा-सतरा. शटल्स एका गुणाने हरले.

ढोल कधी थांबले कुणाला कळलं नाही. पार्किंगमध्ये पद्मजा गाडीत बॅग ठेवत होती, तेव्हा एक पिकअप शेजारी थांबली आणि आतला माणूस खिडकीतून ओरडला, "जिथून आलीस तिथे परत जा!"

तिने वाकून आत पाहिलं. "बिली? दोनदा तुझं नाक मी सरळ केलंय. आता मला घरचा रस्ता दाखवतोस?" बिलीने काच वर केली.

हॉस्पिटलमध्ये वीरचा स्कॅन झाला. रक्तस्राव नाही, सूज नाही. स्वच्छ.

"सी?" वीर पुन्हा आपल्या इंग्लिशमध्ये म्हणाला. "नथिंग. तू आमचं सगळं घालवलंस, फॉर नथिंग."

"स्कॅन चांगला आला ही आनंदाची गोष्ट आहे. त्याने तू खेळण्यालायक होतास असं ठरत नाही."

"सिओने असता तर तू अशी आत आली असतीस? तेवीस वर्षांचा कुणी नवा पोरगा असता तर? यू डिड इट बिकॉज यू'र माय मावशी. तुला आईला तोंड दाखवायचं होतं."

"कुणीही असता तरी."

"आय डोन्ट बिलीव्ह यू," वीर म्हणाला आणि भिंतीकडे वळला.

चार दिवसांनी सुलेखा पद्मजाकडे आली. डब्यात नारळाच्या वड्या होत्या. दारातच तिने पद्मजाचे हात धरले. "तुझे उपकार कसे फेडू गं? माझा एकुलता एक."

पद्मजाने हात सोडवून घेतले. "सुलू, वड्या दे, थँक्यू परत ने."

"म्हणजे?"

"तुझा मुलगा म्हणून नाही काढला मी त्याला. तू आभार मानलेस की तो म्हणतो तेच खरं ठरतं."

सुलेखा दुखावली. पंधरा दिवस तिचा फोन आला नाही. मोरेश्वर वडी खात म्हणाला, "पद्मा, गावाशी भांडलीस, पोराशी भांडलीस, आता आभार मानणाऱ्यांशीही भांडणार का?"

"तुम्हाला काय वाटतं, मी चुकले?"

"नाही. पण बरोबर असणाऱ्या माणसाबरोबर जेवायला बसणं फार अवघड असतं, एवढंच म्हणतोय." आणि त्याने दुसरी वडी तिच्या हातावर ठेवली.

ऑक्टोबरात क्रेगने जाहीर केलं की लीगचं लायसन्स त्याच्या कंपनीचं आहे आणि तो क्लब फ्लोरिडात नेतोय. नावही कंपनीचं, म्हणून तेही जाणार. पत्रकार परिषदेत त्याने कारण सांगितलं: आपल्याच डॉक्टरने ज्या गावात आपला संघ हरवला, त्या गावाला वरच्या डिव्हिजनची भूक नाही.

हे ऐकून अर्ध्या गावाने पद्मजाला पुन्हा शिव्या दिल्या. मग महिनाभराने फ्लोरिडातल्या संघाची नवी जर्सी आली. छातीवर शटल होता, पण मागाचा नव्हे. अवकाशात जाणारा. खाली ज्वाळा, मागे तारे. आर्थरच्या धोट्याचं क्रेगने रॉकेट केलं होतं.

जे पराभवाने झालं नाही ते या चित्राने झालं. आजोबा-पणजोबा गिरणीत राबलेली माणसं दुकानात, बेकरीत, पेट्रोल पंपावर एकमेकांना फोन काढून तो फोटो दाखवायला लागली. सिओने पद्मजाच्या घरी आला. खांदा अजून पट्ट्यात होता.

"डॉक, आम्ही परत क्लब काढतोय. आमचा. मालक नाही, मेंबर. सगळ्यात खालच्या लीगमध्ये जागा आहे. सुरुवातीला काही मिळणार नाही कुणाला."

"नाव काय?"

"तिथेच अडलंय. शटल्स म्हटलं की वकील येणार."

पद्मजा म्हणाली, "मग लूम्स म्हणा. धोटा गेला तर गेला. माग आहे ना? धोटे काय, नवे बसवता येतात."

सिओने चहा अर्धा टाकून उठला आणि बाहेर जाऊन तीन जणांना फोन केले.

बैठक फायर स्टेशनच्या हॉलमध्ये एका रविवारी सकाळी झाली. शंभराच्या वर माणसं. एक आगीचा बंब बाहेर काढून जागा केली होती. नाव एकमताने मंजूर झालं. मग क्लबच्या नियमांची पाळी आली आणि पद्मजा उभी राहिली. बिली मागच्या रांगेत होता. सुलेखाही आली होती, दाराजवळ.

"मला एकच नियम मांडायचाय," पद्मजा म्हणाली. "डॉक्टरने खेळाडूला बाहेर काढलं की तो बाहेर. कोच, मालक, मेंबर, प्रेक्षक, कुणीही ते बदलू शकत नाही. फायनल असो की सराव. हा नियम नको असेल तर दुसरा डॉक्टर बघा. मी रागावणार नाही. पण शनिवारी गावातल्या इमर्जन्सीत गर्दी होईल."

थोडं हसू उमटलं. मग एक जण उठला. "डॉक्टर, सप्टेंबरात तुम्ही जे केलंत त्याबद्दल निदान सॉरी तरी म्हणाल का? आमचा क्लब गेला त्यात."

"नाही," पद्मजा म्हणाली.

हॉलमध्ये कुजबुज वाढली. कुणी म्हणालं, बाई हट्टी आहे. कुणी म्हणालं, स्कॅनमध्ये काहीच नव्हतं. दुसरा एक जण म्हणाला, वीरलाच विचारा ना, तो इथे आहे. पोरगा ठणठणीत होता, त्या अवस्थेत आयुष्यातली सर्वांत भारी किक मारली त्याने.

वीर कडेच्या भिंतीला टेकून उभा होता. सप्टेंबरपासून तो पद्मजाशी एक शब्द बोलला नव्हता. तो पुढे आला, पण तिच्याकडे बघितलं नाही.

"ती किक," तो इंग्लिशमध्ये म्हणाला, "ती किक लोक मला रोज दाखवतात. मीही फोनवर खूप वेळा बघितलीय. मस्त आहे. पण मला ती आठवत नाही."

पुढच्या रांगेतल्या एकाने हातातला फोन खिशात घातला.

"गुडघा लागला तेही आठवत नाही. त्या दिवशी सकाळी मी गाडी कुठे लावली तिथपर्यंत आठवतं. मग एकदम हॉस्पिटलचा पलंग. मधलं काही नाही. तिने मला धरलं, मी तिच्यावर ओरडलो, तेही दुसऱ्यांनी सांगितलं तेव्हाच कळलं. मी कुणाला सांगितलं नाही, कारण... कारण मी ती किक मारलीय ना? मला ती माझी हवी होती. पण ती बघताना असं वाटतं की दुसराच कुणीतरी माझी जर्सी घालून खेळतोय."

दाराजवळ सुलेखाने पदर नव्हता म्हणून स्वेटरची बाही तोंडावर धरली.

"मी अजून तिच्यावर चिडलेलो आहे," वीर म्हणाला. "आय वॉन्ट दॅट ऑन रेकॉर्ड. पण मतदान माझ्या रागावर नाही, नियमावर आहे." आणि त्याने हात वर केला.

सिओनेने वर केला, तोही दुखऱ्या खांद्याचा, आणि कळवळला. "दुसरा हात वापर, मूर्खा!" पद्मजा ओरडली. मग हात वर येत गेले. सगळे नाही. विरोधात बरेच होते, आणि त्यातले काही उठून निघून गेले ते परत आले नाहीत. पण नियम झाला. बिलीचा हात पद्मजाला दिसला नाही. बैठकीनंतर तो खुर्च्या रचायला थांबलेला मात्र दिसला.

बाहेर वीर तिच्या गाडीपाशी उभा होता.

"तुला वाटतं मी आता म्हणेन, यू वर राइट."

"मला काही वाटत नाही. डोकं दुखतं का?"

"कमी झालंय." तो जरा वेळ बुटाने खडी उडवत राहिला. "आय स्टिल थिंक तू ते माझ्यासाठी केलंस. दुसऱ्या कुणासाठी केलं नसतंस."

"मग बघत राहा," पद्मजा म्हणाली आणि गाडी सुरू केली.

लूम्सचा पहिला सामना एप्रिलमध्ये व्हर्जिनियात, अ‍ॅशबर्नच्या एका शाळेच्या मैदानावर झाला. आजूबाजूला बिनखिडक्यांची डेटा सेंटर्स, आणि प्रेक्षक म्हणजे दोन्ही संघांच्या घरची माणसं. लूम्सकडे निम्मे जुने, निम्मे नवे. वीरला न्यूरॉलॉजिस्टने हिवाळाभर तपासून मगच परवानगी दिली होती, आणि पद्मजाने ते कागद दोनदा वाचले होते. सुलेखा घडीची खुर्ची घेऊन आली होती. दोघी बोलत होत्या, फक्त वड्यांचा विषय टाळून.

पहिल्या अर्ध्यात लूम्स पिछाडीवर होते. दुसऱ्या अर्ध्यात त्यांनी जोर धरला. त्यांचा एक ट्राय झाला, दुसरा होणार असं दिसत होतं. समोरच्यांचे पाय जड झाले होते. तेवढ्यात त्यांचा एक खेळाडू, सोनेरी दाढीचा, सिओनेला अडवताना डोक्यावर आपटला. उठला, दोन पावलं तिरपी टाकली, गवतावर एक हात टेकला आणि परत उभा राहिला.

त्यांच्याकडे डॉक्टर नव्हता. पाण्याच्या बाटल्या घेऊन एक मुलगी धावली, तिने त्याला पाणी दिलं, आणि त्यांच्या कोचने बाहेरूनच अंगठा वर करून 'खेळ' अशी खूण केली.

पद्मजा आत गेली.

"ओ! तो आमचा खेळाडू आहे!" कोच ओरडला. "तुम्ही त्यांच्या डॉक्टर आहात!"

"मी डॉक्टर आहे," ती म्हणाली आणि दाढीवाल्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला. "बाळा, तुझं नाव काय? आपण कुठे आहोत?"

त्याला नाव सांगता आलं. गाव सांगता आलं नाही.

रेफ्री तरुण होता आणि गोंधळला होता. एका संघाच्या डॉक्टरने दुसऱ्या संघाचा खेळाडू बाहेर काढण्याचा नियम कुठल्याच पुस्तकात नव्हता. "मॅडम, त्यांचा कोच खेळवतो म्हणतोय. मला खेळ चालू करावा लागेल. तुम्ही बाहेर गेला नाहीत तर तुमच्या संघावर पेनल्टी."

पद्मजा हलली नाही. रेफ्रीने शिट्टी तोंडाशी नेली.

वीर चेंडू हातात घेऊन उभा होता. त्याने पद्मजाकडे पाहिलं, त्या अनोळखी दाढीवाल्याकडे पाहिलं. मग चेंडू जमिनीवर ठेवला आणि त्याच्या शेजारी गवतावर मांडी घालून बसला.

"काय करतोयस?" रेफ्री म्हणाला.

"तो बाहेर जाईपर्यंत आम्ही खेळत नाही."

सिओने त्याच्या शेजारी बसला, जमीन हादरल्यासारखी वाटली. मग प्लंबर बसला, मग मास्तर, मग ज्यांना पद्मजाचं नावही नीट माहीत नव्हतं ते नवे खेळाडू. तेराच्या तेरा जण मैदानभर आपापल्या जागी खाली बसले. बाकावरचे राखीव खेळाडूही बसलेलेच होते, ते उगीच उठून पुन्हा बसले.

"तुम्ही आघाडी घेण्याच्या बेतात आहात!" कोच चिडून रेषेपर्यंत आला. "हा तुमचाच तोटा आहे! तुम्ही स्वतःला समजता कोण?"

"एल्डर मिल," सिओने बसल्या जागेवरून म्हणाला.

मग समोरच्या संघाच्याच कॅप्टनने दाढीवाल्याच्या काखेत हात घातला आणि त्याला बाहेर नेलं. रेषेबाहेर पोहोचताच तो मुलगा वाकून ओकला. कोच पाठ फिरवून पाण्याच्या बाटल्या मोजू लागल्यासारखं करत राहिला.

खेळ सुरू झाला तो पेनल्टीने, लूम्सच्या विरुद्ध. बसल्याबद्दल एक आणि पद्मजाबद्दल एक. तेवढ्यात जोर ओसरला होता. सिओने पुन्हा एकदा रेषेपर्यंत पोहोचला, पण चेंडू टेकवण्याआधी तिघांनी त्याला उलटा केला. लूम्स हरले.

सामना संपल्यावर हात मिळवायच्या रांगेत वीर पद्मजाच्या बाजूने गेला. त्याच्या भुवईवर ओरखडा होता. तिने त्याला हनुवटी धरून थांबवलं, ओरखडा पाहिला, पुसला, पट्टी लावली. पट्टी लागेपर्यंत तो जरूर नसताना तिच्यापुढे वाकून उभा राहिला.

तेवढ्यात तरुण रेफ्री हातात पेन घेऊन आला. "डॉक्टर, मला वाईट वाटतंय, पण आजचा प्रकार मला लीगला कळवावा लागेल. तुमच्यावर बंदीही येऊ शकते. तुमचं नाव हवंय."

"लिहा," पद्मजा बॅग बंद करत म्हणाली. "आणि स्पेलिंग मला विचारून लिहा. सगळे चुकतात."